आम्ही ठरवू तेव्हाच

३ फेब्रुवारी, सोमवार

पन्नाशी उलटल्यावर परकी भाषा शिकायला बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो! आपणा सर्वांची एक तक्रार आहे आणि ती कुणीतरी एकदा मोठ्याने मांडलीच पाहिजे. पुस्तकांच्या दुकानात आपल्याला गिऱ्हाईक म्हणून ओळखतात, विद्यार्थी म्हणून नाही. ‘तीस दिवसांत बोला’, ‘व्याकरणाशिवाय शिका’, ‘व्याकरणातून शिका’, ‘गाडी चालवता चालवता शिका’. कपाटभर आश्वासनं! पण गाडी नसलेल्या, गुडघा दुखणाऱ्या, बारा आठवड्यांत उभं राहून बोलायची वेळ आलेल्या माणसाने यातलं काय उचलावं, हे सांगणारा त्या दुकानात एकही नाही.

ही खांद्यावरून डोकावली. “रोजनिशी लिहिताय की सभा घेताय?”

“मला दुसरं येत नाही.”

“ते माहितीये,” म्हणाली आणि दूध बघायला गेली.

तर मुद्दा. आमचा कारखाना वजनकाट्यांचा. मी तीस वर्षं जुळणी विभागात आहे. तयार झालेला काटा आमच्या बाकावर येतो, आम्ही त्यावर प्रमाण वजनं ठेवतो आणि तो हाताने बरोबर करतो. वजनाला बोट लावायचं नाही, चिमट्याने उचलायचं, कारण बोटाचा घामसुद्धा वजनात भरतो. अशी आम्ही अडतीस माणसं. गेल्या वर्षी कारखाना परदेशी मालकांनी घेतला आणि आता त्यांना हा विभाग बंद करायचा आहे. आमचं काम म्हणे यंत्र करील.

गेल्या गुरुवारी मालकांच्या वतीने एक बाई आल्या होत्या. मी बावीस मिनिटं बोललो. कंपनीच्या दुभाष्याने त्याची चार वाक्यं केली. चार! ‘आमच्या घामावर उभ्या राहिलेल्या या भिंती’ असं मी म्हणालो, तेव्हा बाई हसून मान हलवत होत्या. त्याने त्यांना भिंतींना रंग हवाय असं काहीतरी सांगितलं असणार.

आज समितीत आमची चिटणीस म्हणाली, “अठ्ठावीस एप्रिलला बाई परत येतायत. या वेळी आपलं म्हणणं आपल्यातल्याच कुणीतरी त्यांच्या भाषेत सांगायचं. पाच मिनिटं. इथे शिकवणारं कुणी नाही, तेव्हा ज्याने त्याने घरी बसून शिकायचं. कोण घेतंय?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कारखान्यात मला ‘तोफ’ म्हणतात. मी उठून उभा राहिलो. टाळ्या झाल्या.

त्या थांबल्यावर मागून कुणीतरी पुटपुटलं, “मी पण थोडं बघतो.”

वळून पाहिलं तर माझा साडू. हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा, बांधणी खात्यात खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवतो. शेजारच्याला ऐकू जाईल इतकंही मोठ्याने बोलत नाही म्हणून त्याला ‘पुटपुट्या’ म्हणतात. लोक हसले. मीही हसलो. बहुतेक सर्वांत मोठ्याने मीच.

६ फेब्रुवारी, गुरुवार

निवड झाली. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून सहाशे चाळीस पानांचं व्याकरण आणलं. निवडीची माझी रीत लिहून ठेवतो, पुढच्यांच्या उपयोगी पडेल. मी प्रत्येक पुस्तकाची सूची उघडली आणि तीन शब्द शोधले: हक्क, अन्याय, संप. तिन्ही शब्द असलेलं हे एकच पुस्तक निघालं. क्रियापदांचे अठरा तक्ते आहेत. आधी पाया, मग भिंती, मग छप्पर. जगातली कोणतीही चळवळ अशीच उभी राहिली आहे.

उच्चार कसे करायचे ते पुस्तकात नाही. उदाहरणांची उत्तरंही नाहीत. पण उत्तरं मागे बघायची सवय गुलामाची.

९ फेब्रुवारी, रविवार

साडूकडे गेलो होतो. सहज. त्याने कोणता अभ्यासक्रम धरला ते बघायला नाही.

टेबलावर पातळसं, पहिलं पान गळालेलं पुस्तक. आत कुणीतरी पेन्सिलीने आधीच उत्तरं लिहिलेली, ती याने खोडरबराने पुसलेली.

“हे घेतलंत होय?” मी म्हटलं. “याला तर कव्हरपण नाही.”

“मागच्या गल्लीतली नर्स तिकडे कामाला गेली ना दादा, तिचं आहे. चाळीस धडे. प्रत्येक धड्याचा आवाज तिने फोनवर पाठवलाय. आधी नुसतं ऐकतो, मग त्याच्यामागून म्हणतो, मग लिहितो. उत्तरं मागे आहेत, चुकलं की लगेच कळतं.”

“आणि व्याकरण?”

“लागेल तेवढं येतं मधे मधे.”

“‘हक्क’ शब्द आहे का यात?”

बिचाऱ्याने खरंच पानं उलटून पाहिली. “दिसत नाही. पहिल्या धड्यात ‘मला कळलं नाही, हळू बोला’ आहे.”

मला हसू आवरेना. मालकांसमोर उभं राहून हा म्हणणार, मला कळलं नाही!

आतून मेव्हणी म्हणाली, “भाऊजी, हे सकाळी दाढी करताना आरशाशी बोलतात. विचारतात आणि थांबतात. मला वाटतं, एक दिवस तो आतला उत्तर देईल.”

साडू लाजला. हिने ते पुस्तक हातात घेतलं आणि आम्ही निघेपर्यंत खाली ठेवलं नाही. बायकांना चित्रं आवडतात.

२३ फेब्रुवारी, रविवार

सात तक्ते तोंडपाठ. त्या जोरावर आज त्यांच्या देशातलं रेडिओ केंद्र फोनवर लावलं. पंधरा मिनिटांत मला ‘आणि’ हा एक शब्द ओळखू आला, तोही दोनदा. निवेदक फार घाईत बोलत होता.

व्याकरणाचा दोष नाही, पण कानासाठी वेगळं काही हवं हे मान्य करतो. म्हणून ‘तीस दिवसांत’वाला आवाजी अभ्यासक्रम आणला. पहिलं वाक्य: ‘माझी सुटकेस कुठे आहे?’ दुसरं: ‘मला समुद्राकडची खोली हवी.’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा अभ्यासक्रम कोणासाठी आहे? ज्याला सुटकेस आहे त्याच्यासाठी! तरीही मी ती वाक्यं म्हणत होतो, इतक्यात ही खोलीत येऊन म्हणाली, “माळ्यावर आहे.”

“काय?”

“सुटकेस.”

आपल्या भाषेतलं वाक्य तिने ऐकलं असणार असं समजून मी पुढे गेलो.

साडू नवव्या धड्यावर आहे. मी विचारलं नव्हतं. म्हणजे विचारलं होतं, पण जेवताना, दुसरं बोलता बोलता.

५ मार्च, बुधवार

आता फोनवरचा अभ्यासक्रम. रोज दहा मिनिटं, बरोबर आलं की घंटी वाजते आणि गुण मिळतात. हजार एकशे चाळीस गुण झाले! या वेगाने एप्रिलपर्यंत मी त्यांच्या संसदेत बोलायला हरकत नाही.

आज डबा खाताना साडूला गाठलं. “तुमचे गुण किती झाले?”

“कसले गुण, दादा?”

त्याच्याकडे ते नाहीच. मग मी एवढे दिवस कोणाला मागे टाकत होतो?

फोनला भोळा म्हणावा की लबाड, कळत नाही. ‘मुलगा सफरचंद खातो’ हा धडा मी अकरा वेळा केला आणि त्याने अकराही वेळा शाबासकी दिली. हिला सांगितलं तर म्हणाली, “त्या मुलाला एकदा तरी पाणी द्या.”

१४ मार्च, शुक्रवार

आजचा दिवस लिहावासा वाटत नाही, म्हणून लिहितो.

मालकांकडून एक यंत्रजोडणीवाला आला आहे, तिकडचाच. बांधणी खात्यात एका मोठ्या खोक्यापाशी तो काहीतरी विचारत उभा होता आणि कोणालाच काही कळेना. मी वरच्या जिन्यावरून पाहिलं. मी खाली उतरायच्या आत (गुडघ्यामुळे उशीर होतो) साडू पुढे झाला. काहीतरी पुटपुटला. त्या माणसाने कान पुढे केला. साडूने तेच पुन्हा म्हटलं. आणि तो गोरागोमटा दांडगा माणूस खो खो हसला, साडूच्या पाठीवर थाप मारली आणि दोघांनी मिळून खोकं फिरवलं.

भोवती वीस माणसं होती. सगळ्यांनी पाहिलं. तीस वर्षांत माझ्या भाषणानंतर लोकांचे चेहरे असे झाले नव्हते. म्हणजे झाले होते, पण त्यासाठी मला तासभर लागत असे.

नंतर विचारलं, “काय म्हणालात त्याला?”

“‘ही बाजू वर का?’ एवढंच. सतरावा धडा, सामान हलवण्याचा.”

चार शब्द. बाकावर परत येऊन मी जो काटा जुळवला तो दोन ग्रॅम जास्त दाखवत होता. शेजारणीने दाखवून दिलं. “तोफेचं लक्ष कुठाय आज?” म्हणाली. मी वजन चुकून बोटाने उचललं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बोटाच्या घामाने दोन ग्रॅम भरत नाहीत हे मला माहीत आहे. दुसरं काहीतरी भरलं.

१८ मार्च, मंगळवार

घर फिरलं!

संध्याकाळी फोनवरचा धडा करत होतो. एका वाक्यावर अडलो, चारदा चुकीची घंटी वाजली. स्वयंपाकघरातून हिने वाक्य पूर्ण केलं. त्यांच्या भाषेत. बिनचूक.

मी उठून आत गेलो. ही नुकतीच बहिणीकडून येऊन टोमॅटो चिरत होती.

“तू?”

“अहो, मंगळवारी आम्ही दोघी बहिणी बसतो ना, तेव्हा भाऊजींचा धडा चालू असतो. मी पण बसते. त्यांनाही बोलायला कुणीतरी लागतं. धाकटीला हसू येतं, मला येत नाही.”

“कधीपासून?”

“पहिल्या रविवारपासून.”

“मला बोलली नाहीस?”

“तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही त्यांचा कितवा धडा तेच विचारता.”

मग सुरी खाली ठेवून म्हणाली, “एकतीस वर्षं तुमचं एकेक भाषण ऐकलंय मी. सभेत नाहीतर घरी. हे एकच मला कळलं नसतं. म्हणून बसले.”

असेल. मी काही संशयी माणूस नाही. पण अभ्यास करायचा होता तर सहाशे चाळीस पानं घरात होती. त्यासाठी पुटपुट्याच्या टेबलाशी जायची काय गरज? ‘त्यांनाही बोलायला कुणीतरी लागतं!’ आणि मला? मी काय भिंतीशी बोलतो?

(हो. पण ती गोष्ट वेगळी.)

२ एप्रिल, बुधवार

चौथा आणि शेवटचा अभ्यासक्रम सापडला. हाच पहिल्यांदा सापडायला हवा होता. गाजलेल्या भाषणांचं पुस्तक: डाव्या पानावर त्यांची भाषा, उजव्या पानावर आपली. यात सुटकेस नाही, सफरचंद नाही. आहे ते सगळं माझ्या कामाचं. वाक्यंच्या वाक्यं उचलतो, व्याकरणाच्या तक्त्यांवर ताडून बघतो आणि माझं भाषण शब्दाला शब्द लावून उभं करतो. शेवट माझाच, फाटकावरच्या प्रत्येक सभेत ज्यावर माणसं उठून उभी राहतात तो: ‘आम्ही ठरवू, तेव्हाच हा विभाग बंद होईल!’

आज साडू बाकापाशी येऊन घुटमळला.

“दादा, एक विचारू? तुमच्या पुस्तकात ‘आपण’ला काय शब्द दिलाय?”

मी सांगितला.

“आणि ‘आम्ही’ला?”

मी तक्ता आठवला. तोच.

“तेच तर,” तो म्हणाला. “माझ्यातपण एकच आहे. मग ‘तुम्ही नाही, फक्त आम्ही’ असं म्हणायचं झालं तर कसं? मी दोन दिवस तेच बघतोय. म्हटलं, तुमचं पुस्तक मोठं आहे.”

मला त्याचा रोख कळला नाही असं त्याला वाटलं असेल. ‘तुमचं पुस्तक मोठं आहे’! सहाशे चाळीस पानांवर मारलेला टोमणा होता तो. मी म्हटलं, “दोन शब्दांचं काम एकात होतंय, तर पाठ करायला एक कमी. तुम्ही खोकी बघा.”

“बरं,” म्हणाला आणि गेला. त्याचा चेहरा पडला. मला बरं वाटलं, आणि जेवताना ते बरं वाटणं कुठे गेलं कळेना.

१३ एप्रिल, रविवार

समितीपुढे चाचणी. युनियनच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या; हीसुद्धा येऊन मागे भिंतीशी उभी होती. आमच्यातल्या कुणालाच ती भाषा येत नाही, तेव्हा निवड कशी करायची हा प्रश्न होता. चिटणीस म्हणाली, “आधी ऐकू तरी.”

मी बोललो. पाच मिनिटं, एकदाही न अडखळता. शेवटच्या वाक्यावर मूठ उगारली तेव्हा मागच्या रांगेतले उभे राहिले. कळलं कुणालाच नाही, पण अंगावर काटा सगळ्यांच्या आला.

मग साडू. चार वाक्यं बोलला. मधे एकदा थांबला, चुकलं असं स्वतःच म्हणाला, परत म्हटलं आणि बसला. कोणीतरी ओरडलं, “आवाज!” खोली हसली.

आणि मग त्याने काय करावं? उभा राहून म्हणाला, “दादांनीच बोलावं. आवाज त्यांचाच आहे. मी शेजारी बसतो, काही लागलं तर.”

जिंकलो मी. मतदानही झालं नाही. त्याने मला ते असं उचलून दिलं, जसं आपण पाहुण्याला खुर्ची देतो. माणसाने हरावं तर निदान हरल्यासारखं दिसावं ना! काही लागलं तर म्हणे!

घरी येताना मी म्हटलं, “टाळ्या वाजवल्या नाहीस.”

“वाक्यं छान होती,” ती म्हणाली. “पण कोण कुणाला सांगतंय, ते कळत नव्हतं. शेवटचं वाक्य एकदा भाऊजींना दाखवा.”

मी रस्त्यातच थांबलो. “मी? त्याला?”

“नका दाखवू मग.”

२८ एप्रिल, सोमवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. सजवणार नाही.

लांब टेबल. पलीकडे बाई, दोरी लावलेला चष्मा, पुढ्यात छोटी दिनदर्शिका. त्यांच्या शेजारी दुभाष्या. अलीकडे आम्ही आठ, मधोमध मी, डावीकडे चिटणीस, उजवीकडे टोकाला साडू.

मी उभा राहिलो आणि त्यांच्या भाषेत पहिलं वाक्य म्हटलं. बाईंनी चष्मा चढवला. दुसऱ्या वाक्याला पेन खाली ठेवलं. दुभाष्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी चढत गेलो. आवाज भिंतींवर आपटून परत येत होता आणि मला वाटलं, आता मला कोणी अडवू शकत नाही. शेवटचं वाक्य. मूठ. ‘आम्ही ठरवू, तेव्हाच हा विभाग बंद होईल!’

बाईंचा चेहरा उजळला. खरंच उजळला. त्यांनी दिनदर्शिका उघडली, पानं उलटली आणि मला काहीतरी विचारलं. वाक्य लांब होतं. त्यातलं मला काही म्हणजे काही कळलं नाही.

ते सांगायला हवं होतं. पण त्या तीन शब्दांसाठी माझ्या चार अभ्यासक्रमांत मी जागा ठेवली नव्हती. पाच मिनिटं अशी वीज पाडल्यावर ‘मला कळलं नाही’ म्हणायचं? मी मान हलवली. करारीपणे. हो.

बाईंनी लिहून घेतलं.

चिटणीस दुभाष्याकडे वळली. “काय म्हणाल्या?”

“मॅडमना फार आनंद झालाय,” तो म्हणाला. “यांनी सांगितलं की आपण सगळे मिळून ठरवू आणि मग विभाग बंद करू. मॅडमनाही हेच हवं होतं. त्या विचारतायत, जून बरा की जुलै? जून चालेल का म्हणाल्यावर यांनी हो म्हटलं.”

आपण. माझ्या ‘आम्ही’चं त्याने ‘आपण’ केलं होतं, आणि लबाडी केली नव्हती. त्या भाषेत ते दोन्ही एकच. आयुष्यभर ज्या शब्दाने मी टेबलाच्या मधोमध रेघ ओढली, त्याच शब्दाने त्या बाईंना उचलून आमच्या बाजूला आणून बसवलं होतं. फाटकावर माणसं ज्या वाक्यावर उठतात, त्या वाक्याने मी अडतीस जणांना जूनमध्ये घरी पाठवत होतो.

“कशाला हो म्हणालात?” चिटणीस दातओठ खात म्हणाली. मी खाली बसलो.

टोकाला खुर्ची सरकली. साडू उठला, पुटपुटतच काही म्हणाला. बाईंनी ‘अं?’ केलं. तो खुर्च्यांमागून आमच्या पाठीशी आला, आमच्या प्रत्येकाच्या खांद्याला हात लावत मोजलं, शेवटी स्वतःच्या छातीला लावला आणि तो शब्द म्हटला: आम्ही. मग तळहात हलकेच बाईंकडे आणि दुभाष्याकडे केला. तुम्ही सोडून. एवढं मलाही कळलं. मग दोन छोटी वाक्यं. आम्ही ठरवलं नाही. आम्ही नाही म्हणतो.

बाईंनी काहीतरी झरझर विचारलं. साडू म्हणाला, मला कळलं नाही, हळू बोला.

आणि त्या हळू बोलल्या! त्याच बाई, तीच भाषा, पण एकेक शब्द सुटा करून. माझ्याशी हळू बोलावं असं त्यांना वाटलं नव्हतं, कारण मी तशी वेळच आणली नव्हती. दोघं दहा मिनिटं बोलले. तो दोनदा चुकला, त्यांनी त्याला शब्द पुरवला. शेवटी त्यांनी पेन उचललं आणि जूनच्या पानावर आडवी रेघ मारली.

निकाल असा: बंद करायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही. बारा मेला बाई स्वतः आमच्या बाकापाशी दिवसभर बसणार, हाताने जुळणी कशी होते आणि यंत्राला काय जमत नाही ते बघणार, आणि मग निर्णय देणार. दुभाष्या आणणार नाहीत. काम चालू असताना ते आमच्यातल्या एकाने त्यांना समजावून सांगायचं.

बाहेर आल्यावर साडू म्हणाला, “दादा, सुरुवात तुम्हीच केलीत. त्या नीट ऐकायला बसल्या त्या तुमच्या आवाजामुळेच.”

तो खरं बोलत होता असं मला वाटतं. ते अधिकच लागलं.

२९ एप्रिल, मंगळवार

कारखान्यात दोन तट पडले आहेत. जुळणी विभागातली निम्मी माणसं म्हणतात, बाईंनी मुद्दाम उलटा अर्थ काढला, तोफच हवी, बारा मेला तोफच बोलेल. पुटपुट्याचं यंत्राच्या आवाजात ऐकू कोणाला येणार? दुपारी तिघं माझ्याकडे येऊन गेले. “तुम्ही फक्त उभे राहा, हात आम्ही वर करतो.” उद्या सकाळी फाटकावर निवड आहे. मी मनात आणलं तर जिंकेन. पाचवा अभ्यासक्रमही बघून ठेवला आहे. तांत्रिक शब्दांचा आहे, बारा दिवसांत होण्यासारखा.

संध्याकाळी साडू आला, ते पातळ पुस्तक घेऊन. ही पाणी घेऊन आली आणि तिथेच बसली. त्यांच्याकडे बसते तशी.

“दादा, मला जुळणीतलं काही कळत नाही,” तो म्हणाला. “बोलणार तुम्हीच असाल तर वाक्यं मी लिहून देतो. मला बोलायला लावलं तर काटा का हलतो, बोट का लावायचं नाही, ते मला आधी कळायला हवं. तुम्ही आपल्या भाषेत सांगा. मी त्याची लहान लहान वाक्यं करतो. दोन्हीकडून तुम्ही लागालच.”

“विचार करतो,” मी म्हटलं.

तो गेल्यावर ही म्हणाली, “कसला विचार?”

“तुला नाही कळायचा.”

“मला आता दोन भाषांत कळतो,” ती म्हणाली आणि पेला उचलून आत गेली.

विचार असा की तो मला आवडत नाही. त्याचं हळू बोलणं, पेन्सिल, खोडरबर, चुकलं की लगेच ‘चुकलं’ म्हणणं. हिने त्याच्या टेबलाशी घालवलेले अकरा मंगळवार. तो थोडा जरी दुष्ट असता तरी माझं काम सोपं झालं असतं.

३० एप्रिल, बुधवार, सकाळ

फाटकावर काय बोलायचं ते इथे लिहून नेतो. इतकं लहान भाषण मी कधी केलेलं नाही.

अडतीस जणांनो! आज चिटणीस विचारील, बारा मेला कोण बोलणार. तुमच्यातले निम्मे माझं नाव घ्यायच्या तयारीत आहेत. सोमवारी मी चुकीचं बोललो. बाईंनी उलटा अर्थ काढला नाही, मी सुलटा सांगितला नाही. आणि मला कळलं नाही तेव्हा मी मान हलवली. ती मान तुमची घरं घेऊन चालली होती. ती धरली ती माझ्या साडूने.

तुम्हाला एक गोष्ट माहीत नाही, ती सांगतो. मला त्याचा हेवा वाटतो. फेब्रुवारीपासून वाटतो, आत्ताही हे वाचताना वाटतो आहे, आणि बारा मेला बाई त्याच्याकडे कान करतील तेव्हा तर दुप्पट वाटेल. वाटू दे. मी त्याच्या शेजारी बाकावर बसून काटा जुळवीन आणि तो सांगेल. त्याचा आवाज यंत्रांत ऐकू येणार नसेल तर त्या दिवशी यंत्रं बंद ठेवायची. पण माझ्या पोटदुखीपायी अडतीस घरांची चूल विझवायला मी उभा राहणार नाही, आणि तुम्हीही मला उभं करू नका.

चिटणीस आता त्याचं नाव पुकारील. कुणी हसायचं नाही. माझा हात सर्वांत आधी वर गेलेला दिसेल. तो दिसला की तुमचा हात वर करा.